चाकाचे हब जाम होते ते बसवतानाच

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळ्याच्या तोंडावर वाहनांची तपासणी करून घेण्याचे आवाहन वृत्तपत्रांतून दरवर्षी केले जाते आणि त्यात ब्रेक, टायर, वायपर व दिवे यांची नावे न चुकता असतात. चाकाच्या बेअरिंगचे नाव मात्र माझ्या वाचनात कधी आलेले नाही. बेअरिंग डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे ते आवाज करू लागेपर्यंत कोणाच्या लक्षात राहत नाही. आणि आवाज करू लागल्यावर ते बदलण्याचे काम कसे उरकले जाते, ते मी गेल्या महिन्यात माझ्याच पिकअपवर पाहिले. मी एका कारखान्यात तीस वर्षे फिटर होतो. निवृत्तीनंतर धाकट्या भावाच्या काटोलजवळच्या बागेतला संत्रा कळमना बाजारात पोहोचवण्याचे काम पाहतो. त्यामुळे या विषयात मी गाडीमालकही आहे आणि पाना धरलेला माणूसही, आणि दोन्ही नात्यांनी झालेल्या चुका मला येथे कबूल कराव्या लागणार आहेत.

आमची पिकअप फोर व्हील ड्राइव्हची आहे, कारण पावसाळ्यात काळ्या मातीतून साधी गाडी बागेच्या धुऱ्यापर्यंत पोहोचत नाही. नोव्हेंबरमध्ये आंबिया बहाराचा माल भरून नागपूरकडे येताना ताशी चाळीस किलोमीटरच्या पुढे पुढच्या बाजूने घरघर ऐकू येऊ लागली. प्रथम टायरचा आवाज वाटला. पण गाडी उजवीकडे वळली की घरघर वाढे आणि डावीकडे वळली की जवळपास थांबे. उजव्या वळणावर गाडीचा भार डाव्या चाकावर येतो, म्हणून दोष डाव्या चाकात आहे हे उघड होते. घरी जॅकवर चाक उचलून वर आणि खाली हात धरून हलवले, तर ते स्पष्टपणे खुळखुळत होते. असे चाक घेऊन आणखी एक फेरी मारायचा मोह हंगामात प्रत्येकाला होतो. मलाही झाला आणि मी ती मारली, हे लपवत नाही.

ज्या वाचकांचा या यंत्रभागाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. जुन्या जीपच्या पुढच्या चाकात आत एक आणि बाहेर एक अशी दोन निमुळत्या रोलरची बेअरिंगे असत. मिस्त्री ती ठरावीक काळाने उघडून, धुऊन, नवे ग्रीस भरून पुन्हा बसवत, आणि नट आवळून किंचित सैल करून त्यात पिन घालत. अलीकडच्या अनेक गाड्यांत त्याऐवजी चाक ज्यावर बसते असे एक बंदिस्त हब असते. बेअरिंग, ग्रीस, सील आणि बऱ्याचदा एबीएसचा (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) सेन्सर हे सारे त्यातच असते, आणि ते तीन किंवा चार बोल्टांनी मागच्या बाजूने एका जाड भागावर आवळलेले असते. त्या भागाला आपले मिस्त्री नकल म्हणतात. हब पोलादाचे, नकल बहुधा बिडाची, आणि हबचा गोल खांदा नकलच्या भोकात इतका नेमका बसतो की दोहोंमधली फट माणसाच्या केसाएवढीही नसते. या हबला देखभाल लागत नाही, असे विकताना सांगतात आणि ते खरेही आहे. पण देखभाल लागत नाही म्हणून ते कोणी उघडतही नाही, आणि जे सात-आठ वर्षे उघडले जात नाही ते उघडायच्या दिवशी उघडत नाही. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. केसभर फटीत तो तयार झाला की पाचर ठोकल्यासारखा दोन्ही बाजूंना दाबत राहतो, आणि मग चारही बोल्ट काढून झाले तरी हब जागचे हलत नाही.

बर्फाच्या देशांत रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे तेथे हा त्रास फार होतो. आपल्याकडे मीठ टाकत नाहीत म्हणून आपण निर्धास्त असतो, पण माझी गाडी परतीच्या फेरीत खताची पोती वाहते, आणि फाटक्या पोत्यातून गळणारे म्युरेट ऑफ पोटॅश हे मिठासारखेच क्लोराइड आहे. कन्हान नदीची ओली रेती वाहणाऱ्या गाड्यांच्या चाकांतही पाणी ठिबकत असते. त्यात जून ते सप्टेंबर चार महिने काळ्या मातीचा गारा नकलच्या मागे थापला जातो, तो ओलावा धरून ठेवतो, आणि तो काढण्यासाठी आपण वॉशिंग सेंटरवर जोरदार फवाऱ्याने पाणी नेमके त्याच फटीत मारतो.

आता गॅरेजमध्ये जे घडले ते सांगतो. गॅरेजचे नाव लिहीत नाही, कारण काम करणारा मुलगा मनापासून कष्ट करीत होता आणि त्याला जे शिकवले गेले तेच तो करीत होता. एक्सलचे नट आणि मागचे चारही बोल्ट त्याने पाइप घालून व्यवस्थित सोडवले. हब निघेना, तेव्हा त्याने पाच किलोचा घण घेतला आणि हबच्या तोंडावर समोरून मारायला सुरुवात केली. समोरून मारलेला घाव हबला बाहेर नव्हे, आत ढकलतो, हे मी बोललो. त्यावर त्याने हादऱ्याने गंज सुटतो असे उत्तर दिले, आणि त्यात थोडे तथ्य असल्यामुळे मी गप्प बसलो. मग पुलर, म्हणजे घट्ट बसलेला भाग ओढून काढायचे अवजार, आला. पुलरचे पाय चाकाच्या बोल्टांवर आवळून त्याचा मधला स्क्रू एक्सलच्या टोकावर टेकवला गेला. येथे मी गप्प बसायला नको होते. पुलरच्या या रचनेने एक्सलचे दाते हबमधून सुटतात, एवढेच. हब नकलमधून सुटत नाही. दाते आधीच सुटलेले असताना स्क्रू आवळत राहिलो, तर सारा जोर एक्सलला आत रेटण्यात आणि त्याच्या आतल्या जॉइंटवर जातो. स्क्रू अर्धा आत गेला, हब तेथेच राहिले, आणि नंतर कळले की आतल्या जॉइंटच्या रबरी टोपणाची पट्टी त्याच वेळी सुटली होती.

त्यानंतर गॅसची ज्योत लावली गेली. उष्णतेने हब सुटते ही समजूत चुकीची नाही. नव्वद मिलिमीटर व्यासाचे बिडाचे भोक दीडशे अंशांनी तापवले तर ते सुमारे ०.१५ मिलिमीटरने मोठे होते, आणि गंजाची पकड मोडायला तेवढे पुष्कळ झाले. परंतु त्यासाठी बाहेरची नकल तापवायची आणि हब थंड राखायचे असते. त्या मुलाने ज्योत समोरून धरली, म्हणजे हबवर. हब फुगले, भोक जवळपास तेवढेच राहिले, आणि जे घट्ट होते ते अधिक घट्ट झाले. पाचव्या मिनिटाला जळक्या रबराचा वास आला: खालच्या बॉल जॉइंटचे रबर वितळले होते आणि एबीएसच्या सेन्सरची तार काळी पडून तिच्या आतले तांबे उघडे झाले होते. तोवर हबवर गंज सोडवण्याच्या तेलाचा फवाराही दोनदा मारून झाला होता. ते तेल पेट घेते, हे डब्यावर लिहिलेले असते. त्या दिवशी पेटले नाही, हे नशीब म्हणायचे. नकल ॲल्युमिनियमची असलेल्या गाडीवर तर ज्योत लावूच नये, कारण त्या धातूची ताकद उष्णतेने कायमची कमी होते आणि बाहेरून पाहता काहीच दिसत नाही.

शेवटी छन्नी आणि घण यांच्या जोरावर हब निघाले, पण अर्धेच. पुढचा चकतीसारखा भाग आतल्या कड्यासह हातात आला, बारीक गोळ्या जमिनीवर घरंगळल्या, आणि बाहेरचे कवच नकलच्या भोकात जसेच्या तसे राहिले. संध्याकाळचे सात वाजले होते. मालकाने नकलसकट सारा सांगाडा बदलावा लागेल असे सांगून खर्चाचा आकडा काढला, आणि तो ऐकून मी गाडी टोचन करून नागपूरलगतच्या वाडी गावाच्या बाजूला एका वयस्क मिस्त्रींकडे नेली.

त्या मिस्त्रींनी प्रथम काहीच केले नाही. त्यांनी दिवा आत धरून कवचाभोवतीचा गंज पाहिला, बोल्टांच्या भोकांतून मागच्या बाजूने तेल सोडले आणि गाडी रात्रभर तशीच ठेवायला सांगितली. सकाळी ते सारे तेल आणि ग्रीस पुसून काढल्यावर त्यांनी वेल्डिंग मशीनची तयारी केली. बॅटरीची तार काढली आणि वेल्डिंगच्या अर्थिंगची तार थेट त्याच नकलवर लावली, कारण ती गाडीच्या दुसऱ्या टोकाला लावली असती तर वीज उरलेल्या चांगल्या बेअरिंगांतून गेली असती आणि तीही खराब झाली असती. मग त्यांनी कवचाच्या आतल्या पृष्ठभागावर गोलाकार एकच वेल्डची ओळ ओढली. वेल्ड थंड होताना आकसतो आणि आकसताना कवचाला आतल्या बाजूला ओढतो. दहा-बारा मिनिटे कोणी काही बोलले नाही, मग मागून छन्नीचा एक हलका ठोका बसला आणि जे कवच आदल्या दिवशी पाच किलोच्या घणाला बधले नव्हते ते वाटीसारखे जमिनीवर पडले. मी तीस वर्षांत ही युक्ती ऐकली होती, डोळ्यांनी प्रथमच पाहिली.

खरे तर ही वेळ यायला नको होती. हब बदलायचे ठरल्यावर आदल्या दोन-तीन दिवसांपासून रोज संध्याकाळी मागून बोल्टांच्या मुळाशी आणि सांध्याभोवती तेल सोडावे. त्यासाठी चाकही काढावे लागत नाही. कामाच्या दिवशी गाडी पक्क्या जमिनीवर घेऊन, केवळ जॅकवर न ठेवता खाली मजबूत ठोकळे द्यावेत. ब्रेकचा कॅलिपर काढल्यावर तो पाइपवर लोंबकळत न ठेवता तारेने बांधावा. सेन्सरची तार सर्वांत आधी मोकळी करून बाजूला घ्यावी. मागचे बोल्ट पूर्ण न काढता पाच-सहा मिलिमीटर सैल करून आत राहू द्यावेत आणि त्यांच्या डोक्यांवर गोटी (सॉकेट) ठेवून मागून आलटून-पालटून ठोके द्यावेत, म्हणजे हब समतोल राहून बाहेर सरकते. ठोका सरळ डोक्यावर बसला पाहिजे, नाही तर बोल्ट वाकतो आणि एक काम सोडून दुसरे सुरू होते. हब जरासे फिरू लागले की अर्धे काम झाले, म्हणून कडेवर एकदा या बाजूने आणि एकदा त्या बाजूने मारून ते भोकात फिरवण्याचा प्रयत्न आधी करावा. यानेही न निघाल्यास सरकत्या वजनाचा पुलर वापरावा, ज्याचा ओढा सरळ बाहेरच्या दिशेने असतो आणि एक्सलवर जोर येत नाही. तसा पुलर नागपुरात मिळतो. पण तो घेतलेला आहे, अशी गॅरेजे मला फार थोडी भेटली.

स्टिअरिंगच्या ताकदीने हब बाहेर ढकलण्याचा एक प्रकार काही जण करतात. बोल्टाचे डोके आणि मागचा पक्का भाग यांच्यामध्ये लोखंडी दांडा अडकवून इंजिन सुरू करतात आणि स्टिअरिंग फिरवतात. जोर प्रचंड मिळतो, म्हणूनच तो दांडा सटकला तर कोणाच्या पायात घुसेल याचा भरवसा नसतो, आणि न सटकल्यास स्टिअरिंगचे सांधे ताणले जातात. हा प्रकार मी कोणालाही सुचवणार नाही.

परंतु या पत्राचे कारण हब काढण्याची पद्धत हे नाही. मिस्त्रींनी कवच काढल्यावर नकलचे भोक मला दाखवले. नव्या, तांबूस गंजाच्या थराखाली जुना, काळपट, खडबडीत थर होता आणि त्यावर सरळ ओरखडे होते, म्हणजे मागच्या वेळी गंज न काढता त्याच्यावरूनच नवे हब ठोकून बसवले होते. मला तो दिवस आठवला. चार वर्षांपूर्वी हेच डावे हब बदलले तेव्हा मी गॅरेजमध्ये उभा होतो, कळमन्याला माल पोहोचायचा होता, आणि मुलगा तारेचा ब्रश शोधू लागला तेव्हा राहू दे, लवकर आवर असे मीच म्हणालो होतो. या वेळचे हब चार वर्षांपूर्वीच जाम झाले होते. ते बिघडले फक्त आता.

भोक साफ करायला लागतो तो वेळ असा: तारेच्या ब्रशने पाच मिनिटे, बारीक एमरी कागदाने आणखी पाच, फडक्याने पुसून हबच्या खांद्यावर अँटी-सीझचा (सांधा जाम होऊ न देणाऱ्या लेपाचा) पातळ हात, तो न मिळाल्यास साध्या ग्रीसचा. सेन्सरच्या टोकाला आणि ब्रेकच्या डिस्कला तो लागू द्यायचा नाही. बोल्ट आणि एक्सलचे नट अंदाजाने न आवळता टॉर्क पान्याने (किती जोराने आवळले ते मोजणाऱ्या पान्याने) कंपनीने दिलेल्या आकड्यापर्यंत आवळायचे, आणि ते नट पूर्ण आवळले जाईपर्यंत गाडीचा भार चाकावर टाकायचा नाही, कारण सैल नटावर गाडी उतरवली तर बंदिस्त बेअरिंग पहिल्याच दिवशी दुखावते. हे सारे वाडीच्या मिस्त्रींनी केले, आणि बिलात मात्र हब बदलण्याची मजुरी एवढीच ओळ लिहिली. साफसफाईचे काय, असे मी विचारले तेव्हा ते हसले आणि त्याचे कोण देते साहेब, एवढेच म्हणाले.

माझ्या मते सारा घोळ येथेच आहे. गॅरेजमध्ये मजुरी सहसा नगावर ठरते. हब बदलले की पैसे, मग ते स्वच्छ भोकात बसवलेले असो की गंजावर ठोकलेले असो. जो मुलगा दहा मिनिटे घासत बसतो त्याची पुढची गाडी दहा मिनिटे उशिरा लागते आणि त्याच्या पदरात काही पडत नाही. त्याच्या कामाचा फायदा चार-पाच वर्षांनी कोणत्या तरी दुसऱ्याच मिस्त्रीला होतो. अशा कामाला दर नसेल तर ते होणार नाही, आणि मालकाने घाई केली तर मुळीच होणार नाही. म्हणून गॅरेजचालकांना माझी विनंती आहे की, भोक साफ करून अँटी-सीझ लावणे ही बिलातील स्वतंत्र ओळ करावी आणि तिचे शंभर-दीडशे रुपये उघडपणे मागावेत. आणि माझ्यासारख्या गाडीमालकांना विनंती आहे की, त्या ओळीवर घासाघीस करू नये. माझे या वेळचे नुकसान, म्हणजे सेन्सर, बॉल जॉइंट, एक्सलचे टोपण, टोचनचा खर्च आणि हंगामातले दोन दिवस, हे त्या रकमेच्या कितीतरी पट होते.

आणखी दोन गोष्टी. मालवाहू वाहनाला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्या वेळी पुढची चाके उचलून हाताने हलवून पाहण्यास दोन मिनिटेही लागत नाहीत; तपासणीसाठी गाडी नेणाऱ्या मालकाने ती आदल्या दिवशी स्वतःच करून पाहावी. दुसरी गोष्ट आयटीआयच्या प्रशिक्षणाविषयी आहे. मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो. त्या काळात मुलांना कोऱ्या, तेल लावून ठेवलेल्या सुट्या भागांबरोबरच भंगारातून आणलेली दोन-चार गंजलेली नकलही द्यावी आणि तिच्यातले हब न मोडता बाहेर काढायला लावावे. बाहेर पडल्यावर त्यांच्या हाती येणाऱ्या गाड्या कोऱ्या नसतात.

माझ्या गाडीचे उजवे हब अद्याप कारखान्यातून आले तसेच आहे आणि आवाज करीत नाही. तरीही हा हंगाम संपला की ते काढून, भोक साफ करून, पुन्हा तेच बसवायचे असे मिस्त्रींशी ठरले आहे. चालू हब कशाला उघडता, असे भाऊ म्हणतो, आणि काढताना ते दुखावले जाण्याचा धोका आहे हे मीही मान्य करतो. म्हणून नवे हब आधीच आणून ठेवले आहे. गाडी संध्याकाळी घरी आली की मी मागून चारही बोल्टांवर तेल सोडतो. काल तिसऱ्या बोल्टाच्या मुळाशी तेल पहिल्यांदाच आत मुरताना दिसले.

आपला विश्वासू,
एक निवृत्त फिटर
मानेवाडा, नागपूर